उशीखालची पाटी

आठवीच्या पावसाळ्यात आमचा वर्ग गळायला लागला आणि महिनाभर आम्ही दक्षिणेकडच्या व्हरांड्यात बसलो. तिथल्या एका शहाबादी फरशीवर कुणीतरी कधीकाळी नवकंकरीचा पट कोरून ठेवला होता, एकात एक असे तीन चौकोन. इतिहासाचे सर त्या पटाशेजारीच खुर्ची टाकून बसायचे. शार्लमेन मला पहिल्यांदा भेटला तो तिथे.

पुस्तकात त्याच्यावर जेमतेम दोन ओळी होत्या. इ.स. 800 च्या नाताळच्या दिवशी रोममध्ये पोप तिसरा लिओ याने आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातल्या फ्रँक लोकांच्या या राजाला सम्राटाचा मुकुट घातला, एवढंच. सरांनी पुस्तक मिटलं. 768 मध्ये धाकट्या भावाबरोबर वाटून मिळालेलं राज्य, तीन वर्षांत भाऊ गेल्यावर एकट्याच्या हाती आलेला कारभार, 774 मध्ये जिंकलेलं इटलीतलं लाँबर्ड राज्य, हे सगळं त्यांनी भराभर सांगून टाकलं. बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याने पाठवलेला अबुल अब्बास नावाचा हत्ती 802 मध्ये जर्मनीतल्या आखेनला, शार्लमेनच्या राजवाड्यापर्यंत पोचला, हे ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग सरांचा आवाज उतरला. आजच्या उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांशी शार्लमेन तीस वर्षांहून जास्त लढला. 782 मध्ये फेर्डेन इथे त्याने एका दिवसात साडेचार हजार सॅक्सन लोकांची डोकी उडवली, असं त्याच्याच दरबारच्या बखरीत लिहिलं आहे. "हाही तोच माणूस, हे विसरायचं नाही," सर म्हणाले. कुणाचेही गुण सांगताना रक्ताचा हिशोब लपवायचा नाही, ही शिस्त मला त्या तासाने लावली.

आणि त्याच तासाला ती पाटी आली. आइनहार्ट हा शार्लमेनला जवळून पाहिलेला दरबारी. त्याने लिहिलेल्या चरित्रात आहे, की सम्राट लॅटिन मातृभाषेसारखं बोलायचा, ग्रीक त्याला समजायचं, पण लिहिता येत नव्हतं. म्हणून तो पाट्या आणि चर्मपत्राची पानं अंथरुणात उशीखाली ठेवायचा आणि सवड मिळाली की अक्षरं गिरवायचा. वय फार झालं होतं, हात वळला नाही. पण याच राजाने इंग्लंडमधून अल्क्विनसारखा विद्वान बोलावून घेतला. 789 मध्ये त्याने हुकूम काढला, की मठांमध्ये आणि बिशपांच्या ठाण्यांवर मुलांना वाचायला शिकवणाऱ्या शाळा काढा. त्याच्या काळात मठांमध्ये घोटली गेलेली सुबक, सुटी अक्षरं हीच आजच्या छापील रोमन लिपीतल्या लहान अक्षरांची पूर्वज.

मी घरी जाऊन हे आईला सांगितलं. तेव्हा त्याच व्हरांड्यात रात्री साक्षरता वर्ग भरायचा आणि तोही आपले सरच घ्यायचे. आई जायला लाजत होती. भाकरी थापता थापता तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढा राजा, आन् उशाखाली पाटी?" दुसऱ्या दिवशी रात्री ती माझी जुनी पाटी पदराखाली घेऊन निघाली. सर तिला म्हणाले, "या ताई, बसा." तिचं 'श' महिनाभर उलटं यायचं. पाटी तिच्या उशाशी असायची. पहाटे जाग आली की पेन्सिलीचा किरकिर आवाज अंधारात ऐकू यायचा.

पुढे शिक्षणासाठी मी जर्मनीत आखेनलाच गेलो. शार्लमेनने बांधलेलं अष्टकोनी चर्च तिथे आजही उभं आहे. 28 जानेवारी 814 ला तो वारला आणि त्याच दिवशी त्याला तिथे पुरलं. वरच्या सज्जात त्याचं म्हणून ओळखलं जाणारं सिंहासन आहे. सहा पायऱ्या चढून वर साध्या संगमरवरी लाद्यांची बैठक, सोनं नाही की रत्नं नाहीत. वाटाड्याने बाजूच्या लादीकडे बोट दाखवलं. दगडावर बारीक रेघा ओढलेल्या होत्या, एकात एक चौकोन. नवकंकरी! लादी सिंहासनाला लागण्याआधी कुठेतरी जमिनीवर असावी आणि तिच्यावर कुणी खेळलं असावं, असं तो म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे सरांची खुर्ची उभी राहिली.

त्या रात्री आईला फोन केला. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग आलं का रं त्याला शेवटी लिवायला?" मी म्हटलं, "नाही आलं." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्या सरांच्या हाताखाली असता तर आलं असतं."

शाळेच्या महोत्सवानिमित्त त्या व्हरांड्याची फरशी बदलणार, असं कळलं. नवकंकरीचा पट कोरलेली ती एक फरशी कृपया फोडू नका. नव्या ग्रंथालयाच्या भिंतीत बसवा. बसवण्याचा खर्च मी देतो.