एकशे दहा ग्रंथालयांचा सहकार

रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. नऊला आमचं ग्रंथालय बंद होतं. काउंटरसमोर एक बाई उभ्या होत्या. अंगावर वृद्धाश्रमातल्या कामाचा निळा गणवेश, खांद्याला भलीमोठी पिशवी, डोळ्यांत दिवसभराचा शीण. दुसऱ्या दिवशी त्यांची शरीररचनाशास्त्राची चाचणी होती. त्या पुस्तकाच्या आमच्याकडे तीन प्रती, आणि तिन्ही बाहेर गेलेल्या. ही ‘राखीव’ पुस्तकं दोन तासांसाठी मिळतात आणि तिथेच बसून वाचायची असतात. विकत घ्यायचं तर नवं पुस्तक दोनशे डॉलरच्या घरात जातं.

मी त्यांना आमच्या संकेतस्थळावरची चॅटची खिडकी दाखवली. म्हटलं, घरी पोचलात की इथे विचारा, रात्रीसुद्धा कुणीतरी असतं. त्यांनी मान हलवली खरी, पण विश्वास बसलेला दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मुद्दाम मला शोधत आल्या. मुलांना झोपवून रात्री साडेअकराला त्यांनी प्रश्न टाकला होता. उत्तर देणारी व्यक्ती आमच्या कॉलेजची नव्हतीच, आमच्या राज्यातलीही नव्हती. पण ती ग्रंथपाल होती. तिने राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पातलं याच विषयाचं मोफत पुस्तक शोधून दिलं. नुसतं पुस्तक नाही, मनगटाच्या आठ हाडांचा धडा नेमका उघडून दिला. त्या बाईंनी काउंटरवर आपलं मनगट पुढे केलं आणि बोटाने एकेक जागा दाखवत आठही नावं मला म्हणून दाखवली.

गावाकडची मंडळी मला विचारतात, “अमेरिकेत लायब्ररीत काम करतेस म्हणजे नक्की काय करतेस?” त्यांना सांगण्यासारखं खूप आहे, पण सुरुवात या आठ हाडांपासूनच करावीशी वाटते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सहा वर्षं देवघेव विभाग सांभाळला. लग्नानंतर २०१८ मध्ये एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर कॅलिफोर्नियात आले, आणि काम करायची परवानगी हातात पडल्यावर २०१९ च्या उन्हाळ्यात इथल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात तासांवर काम धरलं. कम्युनिटी कॉलेज ही चीज आपल्याकडे नेमकी कशाशी जुळत नाही. दोन वर्षांचं शिक्षण, मग हवं तर मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बदली. किंवा नर्सिंग, वेल्डिंग, बालवाडी शिक्षण असं काही शिकून थेट नोकरी. प्रवेशाला गुणांची अट नाही. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर फी. म्हणजे चार युनिटच्या एखाद्या विषयाची फी १८४ डॉलर, आणि त्याच विषयाचं पुस्तक कधीकधी त्याहून महाग! अशी कॅलिफोर्नियात आज ११६ कॉलेजं आहेत. पहिलं फ्रेस्नोला १९१० मध्ये सुरू झालं. एकेकटं कॉलेज बघितलं तर काही शहरात हजारो विद्यार्थ्यांचं, काही डोंगरात, काही वाळवंटाच्या टोकाला. ज्या ठिकाणी ग्रंथपाल म्हणून एक किंवा दोनच माणसं, अशीही ग्रंथालयं त्यात आहेत.

मी आले तेव्हा पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी या सगळ्यांची सॉफ्टवेअरं वेगवेगळी होती. आमचं तर कॉलेजच्या तळघरातल्या एका जुन्या सर्व्हरवर चालायचं. प्रत्येक कॉलेज स्वतः करार करायचं, स्वतः पैसे भरायचं, आणि काही बिघडलं की स्वतःच निस्तरायचं. राज्याने २०१७ च्या अर्थसंकल्पात सुमारे ६० लाख डॉलर बाजूला काढले आणि सगळ्यांसाठी एकच प्रणाली घ्यायचं ठरलं. निवड झाली एक्स लिब्रिस कंपनीच्या अल्माची. विद्यार्थ्यांना दिसणारा शोधाचा भाग म्हणजे प्रायमो. जानेवारी २०२० मध्ये ११० कॉलेजं त्यावर एकदम सुरू झाली.

हे एका वाक्यात लिहून झालं, पण त्याच्या आधीचे सहा महिने मी जवळून पाहिले. आणि मला सांगायचं आहे ते त्या सहा महिन्यांबद्दलच.

एकत्र यायचं तर आधी ज्याने त्याने आपलं घर झाडायचं होतं. मी ढकलगाडी आणि छापील यादी घेऊन रोज दोन-दोन मांडण्या तपासत होते. आपल्याकडची साठा पडताळणीच ती. दाखल नोंदवहीऐवजी बारकोड, एवढाच फरक. अकरा-अकरा वर्षं गहाळ असलेली पुस्तकं नोंदीत जिवंत होती. एकच बारकोड दोन पुस्तकांना चिकटलेला. एका कपाटामागे तर फक्त कागदी पुठ्ठ्यांवर नोंद असलेले नकाशे सापडले.

त्याहून अवघड काम होतं शब्दांचं. दोन तासांसाठी मिळणाऱ्या पुस्तकाला आम्ही एक नाव देत होतो, शेजारच्या कॉलेजात दुसरं, तिसरीकडे नुसता एक सांकेतिक आकडा. एकच पाठ्यपुस्तक, एकच आवृत्ती, पण तीन कॉलेजांत तीन तऱ्हेने नोंदलेलं. नव्या व्यवस्थेत पुस्तकाची मूळ नोंद सामाईक राहणार होती. त्या जागेला इथे नेटवर्क झोन म्हणतात. त्या एका नोंदीखाली प्रत्येक कॉलेज आपापल्या प्रती जोडतं. म्हणजे माझ्या हातून नोंदीत चूक झाली तर ती शंभर ठिकाणी दिसणार, आणि दुसऱ्या कुणी ती नीट केली तर माझंही काम झालेलं.

पहिल्यांदा हे समजावून सांगितलं गेलं तेव्हा मला आमच्या गावची डेअरी आठवली. माझे वडील पंचवीस वर्षं पहाटे किटली घेऊन संकलन केंद्रावर जात. दूध सगळ्यांचं एकाच कॅनमध्ये ओतलं जायचं, पण फॅट ज्याचं त्याचं मोजून ज्याच्या त्याच्या कार्डावर लिहिलं जायचं. कॅन सामाईक, कार्ड वेगळं. केंद्राच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘विना सहकार नाही उद्धार’. ती ओळ मी लहानपणापासून इतक्यांदा वाचली होती की तिच्याकडे लक्षच जायचं नाही. इथे, सात समुद्रापार, झूमच्या बैठकीत ती मला अक्षरशः डोळ्यांपुढे दिसली.

त्या बैठका! कुणी एक प्रमुख आणि बाकीचे माना डोलावणारे असं नव्हतं. नोंदी करणाऱ्यांचा एक गट, देवघेववाल्यांचा एक, शोधाचं पान कसं दिसावं यासाठी आणखी एक. सगळे आपापली नोकरी सांभाळून वर हे करणारे. दंड ठेवायचा की नाही यावर एक अख्खी दुपार गेली. मोठ्या कॉलेजचे लोक एक म्हणायचे, छोट्यांना ते परवडणारं नसायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू ठरलं की काय समान असलंच पाहिजे आणि काय ज्याचं त्याने ठरवावं. दंड, मुदती, सुट्ट्या ज्याच्या त्याच्या. नोंदीचे नियम मात्र एक. माझ्या मते सगळा प्रकल्प या एका वाटणीवर उभा राहिला. ती चुकली असती तर कितीही पैसे ओतून उपयोग नव्हता.

सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे घोळ झाला. आम्ही विद्यार्थ्यांना पूर्ण सत्रासाठी टीआय-८४ कॅल्क्युलेटर देतो. जुन्या नोंदी पाठवताना आम्ही त्यांचा प्रकार ‘पुस्तक’ असा जाऊ दिला होता. त्यामुळे मुदत पडली तीन आठवड्यांची, आणि फेब्रुवारीत मुलांना भराभर ‘परत करा’ अशा मेल गेल्या. गणिताच्या वर्गातली एक मुलगी कॅल्क्युलेटर घेऊन रडकुंडीला येऊन उभी. “हा परत घेतलात तर माझी परीक्षा कशी व्हायची?” मी सामाईक मेलिंग यादीवर प्रश्न टाकला. वीस मिनिटांत उत्तर आलं, ओरेगॉनच्या सीमेजवळच्या एका छोट्या कॉलेजातून. तिथल्या एकट्या ग्रंथपाल बाईंनी हीच चूक दोन दिवसांपूर्वी दुरुस्त केली होती. कुठे क्लिक करायचं त्याची चित्रं काढून, वर बाण रंगवून पाठवली त्यांनी. त्यांना मी आजतागायत भेटलेले नाही.

आणि मग मार्च आला. कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली, आम्ही घरी बसलो. जुनी प्रणाली असती तर तळघरातल्या त्या सर्व्हरजवळ कुणीतरी जाऊन बसायला हवं होतं. नवी ब्राउझरमधून चालत होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून मुदती वाढवल्या, ई-पुस्तकांचे दुवे अभ्यासक्रमाच्या पानांवर लावले. आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग लावून लॅपटॉप आणि इंटरनेटचे हॉटस्पॉट वाटले, त्यांचीही नोंद त्याच प्रणालीत. दोन महिन्यांचा फरक होता फक्त. जानेवारीऐवजी जूनमध्ये ठरलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मनात येतो.

सॉफ्टवेअरच्या आधीपासूनही इथे सहकार आहे, हे सांगायला हवं. लेख आणि नियतकालिकांचे डेटाबेस महाग असतात. कम्युनिटी कॉलेज लीग ही कॉलेजांची संघटना आणि कौन्सिल ऑफ चीफ लायब्ररियन्स ही मुख्य ग्रंथपालांची संघटना मिळून सगळ्यांच्या वतीने भावाची घासाघीस करतात. ग्रंथपालांचीच एक समिती डेटाबेस तपासते आणि तो घ्यावा की नाही ते लिहून देते. ज्या कॉलेजात एकच ग्रंथपाल, त्याला ती परीक्षणं म्हणजे मोठा आधार. चॅटची सेवाही तशीच सहकारी. सभासद ग्रंथालयांनी आठवड्यातले ठराविक तास द्यायचे आणि बदल्यात चोवीस तास उत्तरं मिळवायची. दर मंगळवारी दुपारी आमची एक ग्रंथपाल अशा विद्यार्थ्यांना उत्तरं देत बसते ज्यांची कॉलेजं तिने कधी पाहिलेली नाहीत. साडेअकराच्या त्या आठ हाडांची परतफेड होते ती अशी.

सगळं गोड आहे असं नाही. छापील पुस्तक या कॉलेजातून त्या कॉलेजात सहज जात नाही, अंतरं आठ-आठ, दहा-दहा तासांची आहेत. ई-पुस्तकांचे परवाने ज्याचे त्याचे असतात. यादीत दिसतं पण उघडत नाही, आणि विद्यार्थी वैतागतो. आता विद्यार्थी एका कॉलेजात नाव नोंदवून दुसऱ्या कॉलेजचा ऑनलाइन विषयही घेऊ शकतो. मग त्याने पुस्तक कुणाकडे मागायचं? हा प्रश्न काउंटरवर येतो तेव्हा मला दर वेळी दोन फोन करावे लागतात. आणि सामाईक कामाला वेळ देणाऱ्या छोट्या ग्रंथालयातल्या माणसांना त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, हे मला मनापासून खटकतं.

माझ्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमशी मी दर पंधरा दिवसांनी बोलते. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, तुमच्याकडे शंभर कॉलेजांची मिळून एक व्यवस्था. माझ्याकडे सगळ्या व्यवस्थेला मिळून मी एकटी.” त्यांच्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची एन-लिस्ट सेवा आहे, त्यातून हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं मिळतात, ही काही लहान गोष्ट नाही. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून २०२५ पासून सरकारी संस्थांना संशोधनाची नियतकालिकंही मिळू लागली. पण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हवं असतं क्रमिक पुस्तक, मराठीतून, आणि परीक्षेच्या आधी. त्याच्यासाठी आपली पुस्तक पेढी आहे. वर्षभरासाठी संच घरी देणारी ती योजना मला इथल्या दोन तासांच्या राखीव पुस्तकापेक्षा कितीतरी माणुसकीची वाटते. फक्त शेजारच्या तालुक्यातल्या पेढीत कुठले संच पडून आहेत, हे या तालुक्याला कळत नाही.

“मग तिघी-चौघी मिळून यादी तरी करा ना, मॅडम,” मी म्हटलं. सॉफ्टवेअर नको, पैसे नकोत, फक्त एक गूगल शीट. त्या म्हणाल्या, बघते.

गेल्या शनिवारी रात्री, म्हणजे त्यांच्या रविवारी सकाळी, आम्ही चौघी व्हिडिओवर बसलो. मॅडम, शेजारच्या दोन तालुक्यांतल्या दोघी ग्रंथपाल आणि मी. शीट उघडली. पहिल्या रकान्यात काय लिहायचं यावरच वाद सुरू झाला. एकीच्या नोंदवहीत लेखकाचं आडनाव आधी, दुसरीकडे नाव आधी, मॅडमकडे जशी मुखपृष्ठावर छपाई तशी नोंद. पाऊण तास त्यावरच गेला. शेवटी आडनाव आधी असं ठरलं. मॅडमनी चष्मा सारखा केला, दाखल नोंदवही जवळ ओढली आणि अर्थशास्त्राच्या पहिल्या संचाचं नाव वाचायला सुरुवात केली.