तुम्ही विचारलंत म्हणून: 'क्रिएटिनिन जरासंच वाढलंय, किडनीच्या डॉक्टरकडं कशाला?'

तासगावात माझी छोटी लॅब आहे. सकाळी उपाशीपोटी साखर तपासणाऱ्यांची गर्दी असते, दुपारी रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांची. कागद हातात पडला की ठळक छापलेल्या आकड्यावर बोट ठेवून कुणीतरी विचारतंच, "दादा, क्रिएटिनिन एक पॉइंट चार आलंय. एक पॉइंट दोनपर्यंत चालतंय, म्हणजे जरासंच जास्त की. लघवी तर साफ होतीय. मग किडनीच्या डॉक्टरकडं कशाला?"

मी डॉक्टर नाही, रक्त घेऊन आकडा काढून देणं एवढंच माझं काम. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायची रक्तातली घाण; किडनी थकली की हा आकडा चढतो. पण हाच 1.4 चा आकडा आठ वर्षांपूर्वी मी माझ्या आईच्या रिपोर्टवर स्वतः टाइप केला होता आणि 'जरासंच' असं मीही म्हणालो होतो. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी लघवीचं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात जातं, दीड-दोन लिटर तेवढं लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळं गाळणी निम्मी निकामी झाली तरी तांब्याभर लघवी होतच राहते. पाणी जातं, घाण मागं साठते. एकेका किडनीत अशा बारीक गाळण्या दहा लाखांच्या आसपास असतात. काही मेल्या की उरलेल्या त्यांचं ओझं उचलतात आणि रिपोर्ट बरीच वर्षं गप्प राहतो. क्रिएटिनिन 0.7 वरून 1.4 वर, म्हणजे दुप्पट होतं, तोवर साधारण निम्मी ताकद गेलेली असते. त्यातही माणूस बघावा लागतो. पंचविशीतल्या धडधाकट पोराचं 1.4 असेल, तर हिशेबानं त्याची गाळण्याची क्षमता मिनिटाला सत्तर मिलीलिटरच्या आसपास निघते. बासष्टीच्या बाईची त्याच आकड्याला बेचाळीसच्या आसपास. तीन महिन्यांहून जास्त काळ ती साठच्या खाली राहिली तर तो किडनीचा जुनाट आजार समजतात. रिपोर्टवर 'ईजीएफआर' म्हणून छापलेला आकडा तो हाच. तेव्हा आई बासष्टची होती, आणि आमच्या कागदावर ती ओळच नव्हती. आता असते.

आईला साखर पंधरा वर्षांची, जोडीला बीपी. हंगामात ती बेदाणा निवडायला शेडवर जायची. दिवसभर मांडी घालून बसल्यावर गुडघे ठणकायचे, मग येताना मेडिकलमधून दुखण्याची सुटी गोळी. साखरेनं आधीच थकलेल्या किडनीला डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या फार जड जातात. हे मला माहीत होतं. तरी रोज किती घेतेस, हे मी घरात कधी विचारलं नाही. चार वर्षांनी सकाळी उठल्यावर तिचे डोळे सुजलेले दिसायला लागले, लघवीला फेस यायला लागला. तपासलं तर 2.6.

मिरजेला किडनीच्या डॉक्टरकडं जाताना गाडीत ती एकच म्हणत होती, "तिथं गेलं की मशीनलाच लावत्यात." हीच भीती मला रोज काउंटरवर दिसते, आणि लोक उशिरा जातात ते बहुतेक तिच्यामुळंच.

त्या डॉक्टरांनी मशीनचं नावसुद्धा काढलं नाही. आधी जुने रिपोर्ट मागितले आणि तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. आकडा किती, यापेक्षा तो किती वेगानं चढतोय हे ते बघत होते. मग आई काय काय खाते ते सगळं काढून घेतलं. वैद्याच्या पुड्यासुद्धा. काही भस्मांत जड धातू असतात, ते किडनीला घातक. लघवीतून जाणारं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, तपासलं, सोनोग्राफीत किडन्यांचा आकार बघितला. दुखण्याच्या गोळ्या बंद. बीपीची गोळी बदलली आणि दोन आठवड्यांनी परत रक्त तपासायला लावलं, कारण त्या गोळीनं पोटॅशियम वाढू शकतं. आई तर किडनी धुऊन निघावी म्हणून रोज भिजवलेले बेदाणे आणि नारळपाणी घेत होती. दोन्हींत पोटॅशियम भरपूर, आणि ते रक्तात फार वाढलं की हृदय बंद पडू शकतं. बीपीवाल्यांना कुणी कुणी सुचवतात त्या कमी सोडियमच्या मिठातही तेच असतं. आमच्या घरात बेदाणा म्हणजे लक्ष्मी, तो बंद करताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिच्या डाव्या हाताच्या शिरेला सुई लावू नका." पुढंमागं डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त गाळणं, लागलंच तर त्यासाठी शीर आणि धमनी जोडतात तो फिस्टुला त्या हातावर करायचा, त्यासाठी शिरा शाबूत हव्यात. आयुष्यभर कोपराची शीर शोधत आलेला मी त्या दिवसापासून किडनीच्या प्रत्येक पेशंटचं रक्त तळहाताच्या मागून घेतो.

मुतखडा, प्रोस्टेट, लघवी अडकणं ही कामं युरोलॉजिस्टची, म्हणजे सर्जनची. गाळणीचा आजार नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरचा. आणि कधी जायचं? माझ्याकडं येणाऱ्यांना मी सांगतो: ईजीएफआर तीसच्या खाली असेल, तर आजच नंबर लावा. आकडा त्याच्या वर असला तरी भराभर उतरत असेल, लघवीत प्रोटीन खूप जात असेल, मुतखडा किंवा इन्फेक्शन नसताना रक्त दिसत असेल, तीन-चार गोळ्या खाऊनही बीपी ऐकत नसेल, घरात कुणाच्या किडनीत पाण्याच्या गाठी असतील, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "नेफ्रॉलॉजिस्टकडं पाठवता का?" एकदम लघवी कमी होऊन अंगावर सूज आली किंवा दम लागला, तर नंबरबिंबर नको, सरळ दवाखाना गाठा. साखर किंवा बीपी असणाऱ्यांनी काहीच त्रास नसला तरी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही तपासावं. अल्ब्युमिन आधी बोलतं, क्रिएटिनिन नंतर.

आई आता सत्तरची आहे. क्रिएटिनिन 3.0. मशीन अजून लागलेलं नाही. 1.4 ला गेलो असतो तर ही चार वर्षं किती वाढली असती, हा हिशेब मला रात्री सुटत नाही. दर तीन महिन्यांनी ती लॅबमध्ये येऊन बसते, उजवा हात पुढं करते आणि डावा पदराखाली घेते. दुपारी विचारते, "किती आलं रं?" सांगण्याआधी मी मागचा कागद काढून शेजारी ठेवतो.