दुसरा गिअर खरखरतो तेव्हा: गिअरबॉक्स उघडून घेण्याचा माझा अनुभव

गाडी मी सेकंड हँड घेतली. पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, उभं आयुष्य पुण्याच्या पेठांत आणि सिंहगड रोडवर गेलेली. इंजिन ठणठणीत होतं, पण तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना खर्रकन आवाज यायचा आणि थंडीत सकाळी तर दुसरा पडायलाच तयार नसायचा. हा दोष माहीत होता, किंमतही त्यामुळेच कमी करून घेतली होती. काम करायचं हे ठरलेलंच होतं. किती करायचं आणि कुणाकडून, एवढंच ठरायचं होतं.

पहिल्या गॅरेजमध्ये एक चक्कर मारून आल्यावर लगेच निकाल मिळाला, ‘अख्खा गिअरबॉक्स बदला.’ न उघडता दिलेला असा निकाल मी मानत नाही. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करताना एका जुन्या मिस्त्री काकांचा पत्ता लागला. क्लच आणि गिअरबॉक्स, एवढंच काम करणारे.

त्यांनी पान्याला हात लावण्याआधी ज्या तपासण्या केल्या, त्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला यायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. सगळे अलगद पडले. म्हणजे लिव्हर आणि त्याला गिअरबॉक्सशी जोडणारं लिंकेज ठीक. मग इंजिन चालू करून, क्लच तळापर्यंत दाबून, थोडं थांबून रिव्हर्स टाकला. तिथे खरखर आली. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी यंत्रणा, नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटतो की नाही हे रिव्हर्स बरोबर सांगतो. काका म्हणाले, “साहेब, दुखणी दोन आहेत. क्लच नीट सुटत नाही, आणि त्यापायी दुसऱ्याची रिंग गेलीय.” क्लच केबल ॲडजस्ट केल्यावर रिव्हर्स गुपचूप पडायला लागला. दुसऱ्याची खरखर मात्र तशीच. आता उघडणं भाग होतं.

क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटायला हवा. मग सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग जुळवते आणि तेव्हाच स्लीव्ह, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणारी दातेरी कडी, आत सरकते. क्लच अर्धवट सुटत असेल तर त्या रिंगला इंजिनच्या जोराशीही झगडावं लागतं. 1928 मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोची गाडी बाजारात आणली. त्याआधी वेग जुळवणं ड्रायव्हरच्या पायावरच असायचं. जुन्या ट्रकांचे ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून, मध्ये न्यूट्रलला एक रेस देऊन खालचा गिअर टाकायचे ते त्यासाठीच. त्या पायांबद्दल मला आदर आहे.

ऑइल काढलं तर ते काळंकुट्ट. त्यात बोट बुडवून काकांनी उन्हात धरलं. सोनेरी कण चमकत होते. ते रिंगेचं पितळ. गिअरबॉक्स खोलल्यावर त्यांनी जुनी रिंग शंकूवर दाबून बसवली आणि कडेच्या फटीत फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातं घातलं. सगळ्यात पातळ पातंही जाईना. नवी रिंग त्याच शंकूवर ठेवली तर फट नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. ती फट संपली की रिंगेला घासायला जागा उरत नाही, आणि स्लीव्हचे दात गिअरच्या दातांवर आपटायला लागतात. दोन्हीकडच्या दातांची टोकं बोथट झालेली मी हाताने चाचपून पाहिली.

बाकीच्या गिअरांच्या रिंगा चांगल्या होत्या, दुसऱ्याचीच गेली. पुण्यात हे होणारच. दर स्पीडब्रेकरला, दर सिग्नलला आपण दुसऱ्यात येतो, आणि बरेचजण गाडी वेगात असतानाच लिव्हर खेचतात, तेही क्लच अर्धाच दाबून. क्लच प्लेटही झिजली होती, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) हातात फिरवलं तर करकर करत होतं. चालवताना पाय सतत पेडलवर टेकलेला असला की ते बेअरिंग विनाकारण फिरत राहतं. चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरली की प्लेट जळते. आणि लिव्हरवर हात विसावला की स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क तिच्यावर दाबला जातो आणि झिजतो.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि ऑइल सील सगळं त्याच वेळी बदलून घेतलं. दुसऱ्याची रिंग, गिअर आणि स्लीव्ह-हबचा जोड अर्थातच नवा. ऑइलवरून मात्र मी अडून बसलो. दुकानदार जीएल-5 दर्जाचं ऑइल ‘भारीतलं’ म्हणून देत होता. गाडीच्या पुस्तकात 75डब्ल्यू-90 (हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा), दर्जा जीएल-4 लिहिलं होतं. जीएल-5 मधली जास्तीची रसायनं डिफरन्शियलसाठी (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागासाठी) असतात, पितळी रिंगेला ती बाधू शकतात. काकांनीही माझीच बाजू घेतली.

नव्या प्लेटवर सुरुवातीला गाडी सांभाळून चालवली, मग दिवे घाटात नेली. चढताना दुसरा पहिल्या झटक्यात पडला. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो. उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका: इंजिनचा ब्रेक जातो, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, आणि वेगात असताना पुन्हा गिअर टाकायचा तर तोच भार रिंगेवर.

थोडे किलोमीटर झाल्यावर काकांनी ऑइल पुन्हा बदलायला लावलं, नव्या भागांचा पहिला चुरा निघून जावा म्हणून. जुने भाग मी मागून घरी आणलेत. गाडी चालवायला शिकणाऱ्या पुतणीला आधी ती झिजलेली रिंग हातात दिली, मग किल्ली.