सत्तावीस यार्ड

७ डिसेंबर २०२४, बॉयझी

काल रात्रीपासून घसा बसलाय. आयडाहोत येऊन इतकी वर्षं झाली, पण अमेरिकन फुटबॉलसाठी ओरडून घसा बसेल असं कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि खंडोबा हे संघ, आणि मॅच संपल्यावर पेठेत दोन दिवस चालणारा वाद. इथला हा हातात धरून पळायचा फुटबॉल मला पहिली दोन वर्षं ढकलाढकलीच वाटायची.

मग हा अ‍ॅश्टन जेंटी आला. इथल्या बॉयझी स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. टीव्हीवर त्याच्या उभं राहण्याकडेच माझं लक्ष जातं. बाकीचे गुडघ्यात वाकून, हात मांडीवर टेकून तयार असतात. हा सरळ ताठ, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. पीटीच्या तासाला ‘सावधान’ म्हटल्यावर उभा राहिल्यासारखा. चेंडू हातात आला की मात्र तोच पोरगा एकाच्या अंगावरून घसरतो, दुसऱ्याला झटकतो, आणि आपण म्हणतो आता पडला, तर तो अजून पळतोच आहे.

काल आमच्या निळ्या मैदानावर (हो, गवत निळं, १९८६ पासून, नवा पाहुणा आला की हे दाखवावंच लागतं) लास व्हेगासच्या यूएनएलव्ही विद्यापीठाला २१-७ हरवून कॉन्फरन्स, म्हणजे आमचा विद्यापीठांचा गट, जिंकली. जेंटी २०९ यार्ड धावला. त्यातली एक धाव ७५ यार्डांची, थेट शेवटच्या रेषेपार, टचडाउन. शेजारचे आजोबा माझ्या खांद्यावर थापा मारत होते. खांदाही दुखतोय.

आता सगळ्या गावात एकच विषय, हाइझमन. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, १९३५ पासून देतात. चेंडू काखेत, दुसरा हात समोरच्याला थोपवायला पुढे, असा ब्राँझचा पुतळा. मतदार नऊशेच्या वर, बहुतेक पत्रकार, शिवाय आधीचे विजेते. प्रत्येकानं तीन नावं लिहायची, पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. बॉयझी स्टेटच्या कोणाला ती अजून मिळालेली नाही. २०१० साली केलन मूर चौथा आला होता, त्याचं कौतुक इथं अजून करतात. आणि रनिंग बॅकला मिळाली ती शेवटची २०१५ साली, डेरिक हेन्रीला. एरवी क्वार्टरबॅकच, म्हणजे चेंडू फेकणारेच, नेतात.

जेंटीचे या हंगामात झाले २,४९७ यार्ड. एका हंगामाचा विक्रम बॅरी सँडर्सचा, १९८८ मधला, २,६२८. म्हणजे १३१ कमी, आणि एक सामना तरी हातात. ऑफिसातल्या सगळ्यांची तक्रार एकच: उटा स्टेटविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच १८६ यार्ड काढले आणि मग त्याला बाकावर बसवलं. पोर्टलंड स्टेटविरुद्धही तेच. सामना खिशात आहे, मग पोराचे गुडघे कशाला झिजवायचे, हा हिशोब बरोबरच. पण विक्रमाच्या वहीत दया लिहून ठेवायला रकाना नसतो.

हे आबांना फोनवर सांगितलं. ते लगेच म्हणाले, “म्हंजे भाऊसाहेबांगत झालं की.”

मला आधी कळलंच नाही. भाऊसाहेब निंबाळकर! १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. ४४३ वर नाबाद, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम अगदी नजरेत, आणि काठियावाडच्या कप्तानानं पुढे खेळायलाच नकार दिला. नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. ही गोष्ट आबांना त्यांच्या वडिलांनी सांगितली आणि त्यांनी मला. भाऊसाहेबांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही, हे सांगताना आबांचा आवाज दरवेळी थोडा चढतो. आजही चढला.

१४ डिसेंबर

नाही मिळाली. कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली, २,२३१ गुण. जेंटीला २,०१७. फरक २१४ चा. २००९ नंतर इतकी चुरस झालेली नाही म्हणे.

इथं लिहितो, ऑफिसात बोलणार नाही: माझ्याकडे मत असतं तर मीही कदाचित हंटरचंच नाव वर लिहिलं असतं. तो पोरगा पास झेलतोही आणि विरुद्ध बाजूला उभा राहून दुसऱ्याचे पास पळवतोही. दिवसभर फलंदाजी करून संध्याकाळी नवा चेंडूही त्यानंच टाकावा, तसं. आमच्या मुलानं तर उघडपणे हंटरची बाजू घेतली. त्यावरून त्याच्या मित्रानं त्याच्याशी बोलणं टाकलंय, सोमवारपर्यंत तरी.

तरी नाव पुकारलं तेव्हा पोटात खड्डा पडला. आपलं गाव ते आपलं गाव.

३१ डिसेंबर

अ‍ॅरिझोनात फिएस्टा बोल, म्हणजे हंगामाअखेरचा एक मोठा सामना, पेन स्टेट विद्यापीठाशी. निदान विक्रम तरी होईल म्हणून चार घरं आमच्याकडे जमली होती. बायकोनं बटाटेवडे केले, आयडाहोच्या बटाट्यांचे. एवढी एक गोष्ट इथं कोल्हापूरपेक्षा चांगली मिळते, आबांना सांगायची नाही.

पेन स्टेटवाल्यांनी ठरवूनच आलेलं दिसत होतं: दुसरा कोणी काहीही करो, याला सोडायचं नाही. दरवेळी तीन-चार जण अंगावर. पहिल्या तासातच कळलं की आज मोकळं रान मिळणार नाही. ३० वेळा चेंडू हातात घेऊन १०४ यार्ड. हरलो ३१-१४. एकूण २,६०१. सत्तावीस कमी.

सँडर्सनं तो विक्रम ११ सामन्यांत केला होता आणि त्याचा शेवटचा बोल सामना तेव्हाच्या नियमानं मोजलाच नव्हता, हे शेजारच्या आजोबांनी जाताना दारात सांगितलं. म्हणजे विक्रम झाला असता तरी वाद राहिलाच असता. बूट घालता घालता त्यांनी दोन वडे कागदात बांधून घेतले.

आबांना फोन केला. तिकडं एक तारखेची सकाळ.

“किती कमी पडले?”

“सत्तावीस.”

“भाऊसाहेबांना नऊ.” मग जरा थांबून, “पोरगं किती वर्षांचं?”

“एकवीस.”

“हात्तिच्या,” म्हणाले. “ठेव आता, चहा निवतोय.”