दुसरा मोसम, दिवस ११: अंगण खरंच थोडं वाकडं निघालं

स्कीवरचं उजवं वळण आलं! दर वेळी येत नाही, तीव्र उतारावर तर नाहीच. पण दिवस ११ ला दुपारी हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या, उतारावर सलग चार वेळा आलं. चारही वेळा थांबून मागे पाहिलं, तर बर्फात दोन बारीक समांतर रेघा. इतके दिवस माझी डावी वळणं अशा रेघा ओढायची आणि उजवी वळणं पोतेरं फिरवल्यासारखा फराटा सोडायची. या वेळी तो फराटा नव्हता. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की मागून आलेल्या एका मुलाने काही लागलं का म्हणून विचारलं.

दिवस ६ आणि दिवस ८ ची रडगाणी ज्यांनी वाचली आहेत त्यांना पार्श्वभूमी नको. नव्यांसाठी दोन ओळी. डावीकडे वळताना उजवी स्की बाहेरची असते, आणि ती मस्त धरते. उजवीकडे वळताना बाहेरची असते डावी. तिची शेपटी (मागचं टोक) सुटते, दोन्ही स्की आपोआप वेजमध्ये (पुढची टोकं जवळ, शेपट्या लांब) येतात आणि वळण अर्धं झाल्यावर मी कशीबशी त्या समांतर करते. थोडक्यात स्टेम ख्रिस्ती. हे नाव ख्रिस्तियानिया म्हणजे ओस्लोच्या जुन्या नावावरून आलं, आणि स्की-शिक्षक हानेस श्नायडर १९२० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंतोनला वेज, स्टेम, मग ख्रिस्तियानिया याच क्रमाने शिकवायचे. म्हणजे माझं डावं वळण आजचं आणि उजवं शंभर वर्षांपूर्वीचं. एकाच बाईत दोन शतकं.

दिवस ८ नंतर मी ठरवलं की दोष स्कीचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून घेते. डाव्या स्कीची आतली एज (कडेची धातूची धार) बोथट असणार असं धरून रात्री फाइल घेऊन बसले. (जाता जाता: कोन बदलता येणारं एज-टूल घेऊ नका. स्क्रू हळूच सरकतो आणि आपण निवांतपणे चुकीचा कोन घासत बसतो. ठरलेल्या कोनाचं साधं गाइड बरं.) सकाळी एज नखावर खरवडून पाहिली, पांढरी भुकटी निघाली, म्हणजे धार होती. उजवं वळण मात्र ये रे माझ्या मागल्या.

मग दिवस ८ च्या नोंदीखाली तुमच्यापैकी एकाने सुचवलेली युक्ती केली: डावी स्की उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. दोष स्कीबरोबर गेला तर स्कीचा, पायाबरोबर राहिला तर माझा. इतकी साधी तपासणी मला आठ दिवस सुचली नव्हती. दोष पायाबरोबरच राहिला. घासलेली स्की आता उजव्या पायात होती आणि डावं वळण आधीइतकंच सुरेख येत होतं. फाइलवर घालवलेली रात्र गेली पाण्यात.

पाय म्हणजे बूटही आलाच. संध्याकाळी दोन्ही लायनर (बुटाचे आतले मऊ भाग) बाहेर काढले, नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाय घातला, बोटं पुढे जेमतेम टेकवली आणि टाचेमागची फट मोजली. माझ्यासारखीला दीड ते दोन सेंटिमीटर ठीक. उजवीकडे १७ मिलिमीटर, डावीकडे २५. पुन्हा मोजलं, तेच. मग कागदावर उभी राहून दोन्ही पावलं आखली. उजवं २५.४ सेंटिमीटर, डावं २४.६. या वयात कळतंय की माझी पावलं सारखी नाहीत! बूट घेताना दुकानातल्या माणसाने एकच पाऊल मोजलं होतं, उजवं, आणि तेही मला खुर्चीत बसवून. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं, हे बूट विकणाऱ्याला मी सांगायचं का? फ्लेक्स (बुटाचा कडकपणा) ८० घ्यावा की ९० यावर मात्र त्याने वीस मिनिटं भाषण दिलं. ते आकडे एका कंपनीचे दुसरीशी जुळतही नाहीत.

तर चित्र असं: डावी टाच बुटात उचलली जायची. ती धरून ठेवायला मी नकळत बोटं आवळायची. बोटं आवळली की नडगी बुटाच्या जिभेवरून सुटते आणि अंग मागे जातं. अंग मागे गेलं की स्कीचं टोक हलकं, शेपटी मोकाट. त्यावर माझा उपाय काय, तर खालचं बकल आणखी दोन दाते घट्ट. अर्ध्या तासात पाऊल बधिर. बधिर पावलावर भरवसा कोण ठेवणार?

बूट-फिटरने डाव्या लायनरला घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंनी एल आकाराचे फोमचे पॅड चिकटवले. दहा मिनिटांचं काम. टाच बसली, बकल सैल करता आलं. म्हणजे अंगण खरंच थोडं वाकडं होतं.

इथे नोंद संपायला हवी होती. दिवस १० ला निळ्या, म्हणजे हिरव्याहून जरा अवघड, उतारावर गेले, वरचा सपाट भाग सुरेख झाला, आणि उतार तीव्र झाल्याबरोबर तोच फराटा. टाच जागेवर, बोटं मोकळी, तरी शेपटी सुटलीच. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं. बर्फ बरा होता, हवा बरी होती, वैताग.

दिवस ११ ला तासभर प्रशिक्षक घेतली. तीन वळणं पाहून तिने मला हिरव्यावर नेलं. मला राग आला. दुसरा मोसम आहे, हिरव्यावर काय करू? ती म्हणाली, प्रत्येक वळणात आतल्या स्कीची शेपटी बर्फावरून दोन बोटं उचल, टेकव, पुन्हा उचल. डावीकडे वळताना डावी स्की टक-टक-टक उचलली, शिवणाच्या मशीनसारखी. उजवीकडे वळताना उजवी स्की उचलायला गेले, ती हलेना. जागची हलली नाही! म्हणजे सगळं वजन आतल्या, उजव्या पायावरच होतं. बाहेरची डावी स्की नुसती सोबत फिरायला आल्यासारखी.

तिने मला आडवं उभं केलं, उजवीकडे वळण्याआधी असतो तसं. त्या क्षणी उजवा पाय दरीच्या बाजूला असतो, डावा डोंगराच्या बाजूला. विचारलं, आता कोणता पाय सुरक्षित वाटतो? खालचा, उजवा. आणि वळण सुरू करायला कोणत्या पायावर जायचं? वरच्या, डाव्यावर. तो अजून 'बाहेरचा' झालेलाच नाही. वळण फिरलं की होईल. पण वजन आधी द्यायचं. मी काय करत होते, तर वळण अर्धं होईपर्यंत ओळखीच्या उजव्या पायावर थांबायचे आणि स्की फॉल लाइनमध्ये, म्हणजे सरळ उताराच्या दिशेने, आल्यावर घाबरून डावीवर जायचे. तोवर तिची शेपटी सुटलेली असायची. सौम्य उतारावर हा उशीर खपतो. तीव्र उतारावर खपत नाही.

दोन फेऱ्या नुसतं तेवढंच केलं. तिसऱ्या फेरीसाठी लिफ्टवर बसले आणि फोन वाजला. हातमोजा दातात धरून पाहिलं. आठ महिन्यांपूर्वी मी ऑफिसात टीमची लीड झाले हे इथे आधी एकदा बोलले आहे. सॉफ्टवेअरचं जे मॉड्यूल मी चार वर्षं सांभाळलं ते तेव्हापासून टीममधल्या एका मुलाकडे आहे. कागदावर. त्याचा मेसेज होता: "रिपोर्टचा भाग मी बदलू का, की तुम्ही बघताय?" मी सवयीने टाइप केलं: "थांब, मी बघते." पाठवायच्या आधी बोट चुकून वर सरकलं आणि आमचं जुनं संभाषण दिसलं. थांब, मी बघते. थांब, आल्यावर बघते. राहू दे, मी करते. लिफ्ट वर पोचेपर्यंत मोजले, अकरा झाले.

त्याला मी काम कधी दिलं होतं ते आठवलं. रिलीज अंगावर आल्यावर, सगळं अडकल्यावर, म्हणजे वळण अर्धं झाल्यावर. त्याची शेपटी सुटली की मी म्हणायचे, बघा, अजून तयार नाही. आणि रात्री बसून त्याचं काम पुन्हा माझ्या पद्धतीने करायचे. उजवा पाय.

टाइप केलेलं खोडून "तूच कर, शुक्रवारी दाखव" असं पाठवलं आणि लिफ्टवरून उतरले. ती चार वळणं त्याच फेरीतली. मेसेजमुळे वळणं आली असं मी म्हणत नाही, पॅड आणि ड्रिलमुळे आली. रिपोर्टचं म्हणाल तर त्याने दोन दिवस घेतले, मला अर्धा लागला असता. एक चूक रिव्ह्यूत सापडली. बाकी त्याने केलं ते माझ्या पद्धतीने नाही, आणि मला ते आवडलेलंही नाही, पण चालतंय.

आणखी एक मनात अडकलंय. एफआयएसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या) दहा नियमांतला तिसरा: मागून येणाऱ्याने आपला मार्ग असा निवडायचा की पुढच्याला धोका होऊ नये. पुढचा कसाही वळो, धडपडो, जबाबदारी वरून येणाऱ्याची, कारण दिसतं त्याला. पाठ केला होता, पण मी टीममध्ये वरून येणारी आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढच्याचं वळण हिसकावून घ्यावं असं त्या नियमात कुठेच नाही.

ऑफिसच्या प्रशिक्षणात ते 'कम्फर्ट झोनच्या बाहेर या' सांगतात, त्यावर माझा विश्वास दिवस १० पासून उडालाय. तीव्र उतारावर मी नवं काहीच शिकले नाही. तिथे जुनंच बाहेर आलं, भीतीने दुप्पट होऊन. शिकले ते हिरव्यावर, जिथे माझ्या शेजारून पाच वर्षांची पोरं सुसाट जात होती आणि मी एक पाय उचलत होते.

पुढच्या खेपेचा बेत निळ्याहूनही अवघड लाल उतार असा होता, दिवस ८ ला जाहीरही केला होता. तो लांबणीवर. पहिल्या दोन सकाळी हिरव्यावर, बुटांची बकलं उघडी ठेवून. बकल उघडं असलं की अंग मागे गेल्याचं लगेच कळतं, बूट सावरून घेत नाही. कुणी हे केलं असेल तर सांगा, वरची दोन उघडी ठेवायची की सगळी? आणि ऑफिसातलं पुढचं हस्तांतर वर्षअखेरच्या धावपळीत न करता त्याआधीच्या निवांत महिन्यात.

थांबा. हे लिहिता लिहिता एक शंका आली म्हणून उठून करून पाहिलं. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. उजव्यावर ३१ सेकंद. डाव्यावर ७. पुन्हा केलं, ९. म्हणजे पॅड, भीती, सवय हे सगळं खरं, पण डावा पाय मुळात कच्चाही आहे. मग बेत पुन्हा बदला: रोज दात घासताना डाव्यावर उभी राहणार, आणि दर रविवारी इथे सेकंद टाकणार. महिन्यात वीसच्या वर गेले तर लाल उताराचं पुन्हा बघू. गेले नाहीत तर व्यायाम सुचवायला तुम्ही आहातच, फक्त स्क्वॉट सांगू नका, त्यात उजवा पाय गुपचूप सगळं काम करतो.

डाव्या लायनरचा आतला पॅड कोपऱ्यातून सुटायला लागलाय. आज चिकटवून रात्रभर बाहेर ठेवलाय, सकाळी दाबून बघते.