एनजीसी १४७ आणि एका गाडीचे दिवे

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दिवसभर गाडी, मग कच्चा रस्ता, शेवटी उघडं माळरान. जीव अडकला होता तो शर्मिष्ठा तारकासमूहातल्या एनजीसी १४७ या दीर्घिकेत. देवयानी दीर्घिकेची ही लहानशी लंबवर्तुळाकार सोबतीण, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. यादीत तिची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, साडेनऊ दिसते, म्हणून सोपी वाटते. पण तेवढा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ निम्म्या लांबीत पसरलेला असतो. आकाश जरा उजळ असलं की ती हरवलीच.

माझी दहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण शर्मिष्ठेतल्याच ओमायक्रॉन ताऱ्यावर लावली. तिथून एक अंश पश्चिमेला शेजारची दीर्घिका एनजीसी १८५, मध्याशी किंचित दाट. ती लगेच सापडली. आणखी अंशभर पुढे १४७ ची जागा, आणि तिथे नुसता काळोख. डोक्यावरून काळं फडकं घेतलं, नजर थोडी बाजूला ठेवली. काहीतरी आहे असं वाटायला लागलं, तेवढ्यात एक गाडी प्रखर दिवे लावून थेट दुर्बिणींच्या रांगेसमोर आली.

मला अजून राग येतो. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. तो एका क्षणात जातो. उशिरा येणाऱ्यांनी गाडी लांब लावून चालत यावं, यात अवघड काय आहे?

शेजारच्या सोळा इंचीवाल्या काकांनी खुर्ची पुढे केली. "डोळे मिटून बसा. मग नळीला हळूच टिचकी मारा." ओळख ना पाळख, पण स्वतःचं निरीक्षण सोडून ते माझ्यापाशी थांबले. टिचकी मारली आणि ती हलली! स्थिर असताना न दिसणारं फिकटपण हलल्यावर डोळ्याला कळतं. काचेवर श्वास सोडावा तसा लांबट डाग, मधे गाभा असा नाहीच.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलना १८५ सापडली १७८७ मध्ये; शेजारची १४७ सापडायला १८२९ साल उजाडलं, तीही त्यांच्या मुलाला, जॉनला. त्या रात्री मला याचं मुळीच नवल वाटलं नाही.

नंतर सोळा इंचीतूनही पाहिली. मोठी, ठळक, तरी माझ्या दुर्बिणीतलीच मला जास्त आवडली. काका म्हणाले, अशा आकाशात ती आठ इंचीतूनही दिसते. येत्या अमावास्येला तेच करून बघायचंय. गाडी पोहोचणार नाही अशी जागा शोधतोय.