नाव बरोबर छापा : आमच्या साप्ताहिकाची वाटचाल

आमच्या ऑफिसात जाहिरात द्यायला आलेला माणूस पैशाचं नंतर बोलतो, आधी विचारतो, "ताई, नाव बरोबर येईल ना?" गेली तीसेक वर्षं मी हेच ऐकतेय आणि माझ्याआधी अण्णा, म्हणजे माझे वडील, हेच ऐकत होते. आता आम्हाला लोक मीडिया कंपनी म्हणतात, तेव्हा नुसता छापखाना होता, पण धंदा तेव्हाही आणि आताही या एका प्रश्नावरच उभा आहे, म्हणून वाटचाल लिहायची तर तिथूनच लिहिते.

अण्णा मूळचे जुळारी. शहरातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. ज्यांनी ते काम बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, शिशाच्या मिश्रधातूचे एकेका अक्षराचे खिळे असायचे, ते केसमधून, म्हणजे खणाखणांच्या पेटीतून, उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या पट्टीत, एकेक करून लावायचे, आणि अक्षर खिळ्यावर उलटं असतं, आरशात दिसतं तसं, त्यामुळं वाचायचंही उलटंच. मराठीचं काम इंग्रजीपेक्षा खूप किचकट, कारण मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं सगळ्यांचे खिळे वेगळे, केसला खणच खण. एखादं जोडाक्षर कमी पडलं की आधीचा फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर, छापून सुटेपर्यंत पुढचा मजकूर अडून राहायचा. अण्णांना हे सगळे खण न बघता हाताला सापडायचे. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण शुद्धलेखन मी आजवर बघितलेल्या कुठल्याही संपादकापेक्षा पक्कं, कारण ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बोटांनी शिकलेलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते गावी परत आले आणि एक जुनी ट्रेडल मशीन घेतली, पायानं चालवायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी जॉबवर्कची कामं बरी मिळायची. आई अजून म्हणते की तेवढ्यावर आपलं चांगलं भागलं असतं. पण तेव्हा जिल्ह्याचे पेपर एसटीनं यायचे, हातात पडेपर्यंत दुपार व्हायची, आणि त्यात आमच्या तालुक्याची बातमी म्हणजे कुठंतरी दोन ओळी, त्यातही गावाचं नाव चुकलेलं. अण्णांना त्या चुकलेल्या नावाचा फार राग यायचा. ते म्हणायचे की ज्याला आपल्या गावाचं नाव नीट लिहिता येत नाही तो आपलं दुखणं काय लिहिणार.

त्यांच्यापुढं एक उदाहरण होतं, मुकुंदराव पाटलांचं. सत्यशोधक चळवळीतल्या या माणसानं १९१० मध्ये नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केलं आणि पुढं कित्येक दशकं खेड्यातूनच चालवलं. पुण्या-मुंबईत नाही, खेड्यात! अण्णा हे कुणालाही सांगायचे, पत्रिका छापायला आलेल्या नवऱ्या मुलाच्या बापालासुद्धा. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणाहून पेपर निघू शकतो हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पहिला अंक काढायला त्यांनी ६ जानेवारी हा दिवस धरला, कारण बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली मुंबईत 'दर्पण' सुरू केलं तो हाच दिवस, आपल्याकडं पत्रकार दिन म्हणून पाळतात तो.

पेपर काढायचा म्हणजे आधी नाव मंजूर करून घ्यायचं, मग मॅजिस्ट्रेटपुढं डिक्लेरेशन, मग दिल्लीला रजिस्ट्रेशन. हे सगळं तेव्हा १८६७ च्या कायद्याखाली चालायचं, इंग्रजांच्या काळातला कायदा. अंकाच्या शेवटी बारीक अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं ना, ती ओळ कुणी वाचत नाही, पण आमच्या घरात ती सगळ्यात आधी तपासली जायची. काही बरंवाईट छापलं गेलं तर जबाबदार कोण ते त्या ओळीत असतं. आमच्याकडं चारही ठिकाणी एकच नाव, अण्णांचं. दर मार्चला फॉर्म ४ छापायचा, म्हणजे पेपरचा मालक कोण ते वाचकांसमोर जाहीर करायचं, तेही ते स्वतः जुळवायचे, दुसऱ्याला देत नसत.

चार छोटी पानं, ट्रेडलवर एकेक पान छापायचं. फोटो हवा असेल तर जस्ताचा ब्लॉक लागायचा, तो आमच्याकडं होत नव्हता, शहरातून करून एसटीच्या पार्सलनं यायचा आणि गाडी चुकली की फोटोची जागा रिकामी राहायची, मग तिथं म्हणी नाहीतर शेतीची माहिती. बुधवारी रात्री छपाई, गुरुवारी पहाटे आई आणि आम्ही दोघी बहिणी घड्या घालून पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायचो. पोस्टाची सवलत होती म्हणून लांबच्या गावांना अंक पोस्टानं जायचे. मला आजही शाई आणि खळ यांचा एकत्र वास आला की गुरुवार आठवतो.

पहिली काही वर्षं साप्ताहिक तोट्यात आणि जॉबवर्क त्याला पोसतंय असंच होतं, त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही. मग हळूहळू जाहीर नोटिसा यायला लागल्या. जमीन घ्यायच्या आधी वकील नोटीस देतो, अमुक गट नंबर, अमुक मालक, कुणाची हरकत असेल तर इतक्या दिवसांत कळवा. या नोटिसांवर तालुक्यातले पेपर जगतात, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. आणि इथं गट नंबरचा एक आकडा किंवा बापाच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर ती नोटीस फुकट, कधी कधी पुढं कोर्टात अडचण. अण्णांची पद्धत अशी होती की एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रूफवर, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या छापील प्रतीवर, बोट ठेवायचं, आणि नावं-आकडे दोनदा. वकिलांमध्ये बोलबाला झाला की यांच्याकडं चूक होत नाही. कुठलीही स्कीम नाही, एजंट नाही, नोटिसा नुसत्या या शब्दावर आल्या.

मी बीकॉम करून नव्वदच्या दशकात कामाला बसले तेव्हा खिळ्यांचे दिवस संपत आले होते. कॉम्प्युटर घेतला, त्यावर पानं लावायला पेजमेकर आणि मराठी टाइप करायला श्रीलिपी, आणि छपाई शहरातल्या ऑफसेट मशीनवर, जिथं खिळे लागतच नाहीत. अण्णांनी विरोध केला नाही, फक्त पहिलं पान प्रिंटरमधून निघालं तेव्हा ते बराच वेळ हातात धरून बघत होते आणि मग म्हणाले, "अक्षरं सुळसुळीत आहेत, पण दाबच नाही." खिळ्यांची छपाई कागदावर उठते, बोट फिरवलं तर हाताला लागते, ते त्यांना म्हणायचं होतं. आमच्याकडं एक जुळारी काका होते, त्यांच्या हाताला आता कामच उरलं नव्हतं. त्यांना कीबोर्ड जमला नाही, आम्ही त्यांना प्रूफला बसवलं आणि तो निर्णय फार चांगला ठरला, कारण उलटं वाचायची सवय असलेल्या माणसाला सुलट पानावरची चूक लगेच दिसते.

खिळे शेवटी भंगारात वजनावर गेले. एक केस तेवढी मी ठेवलीय, काऊंटरच्या मागं.

फॉन्टचा एक मोठा घोळ झाला तो सांगायलाच पाहिजे कारण अनेक छोट्या पेपरवाल्यांचं हेच झालंय. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या सामायिक कोडचे, नव्हते; आत इंग्रजी अक्षरांचे कोड आणि वरून मराठी अक्षराचं चित्र, फॉन्ट असेल तोवर मराठी दिसणार, नसेल तर नुसती निरर्थक चिन्हं. आम्ही दहा-बारा वर्षं अंक अशा फाइलींमध्ये साठवले, त्यातल्या कितीतरी सीडींवर. आता त्या सीडी चालत नाहीत, चालल्या तर फाइल उघडत नाही, उघडली तर मजकूर कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं आणि रफार नेमके बिघडतात, म्हणजे नावंच बिघडतात. गंमत बघा, खिळ्यांनी छापलेला कागद आज वाचता येतो आणि त्यानंतरचा कॉम्प्युटरवरचा मजकूर हाताला लागत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मधली काही वर्षं केबलवर अर्ध्या तासाचं लोकल बातमीपत्र करून बघितलं, तीन वर्षांत बंद केलं, दोन्हीकडं पुरतील एवढी माणसं नव्हती.

निवडणुकांचं मात्र सविस्तर सांगते. २००९ च्या विधानसभेनंतर पेड न्यूजचा विषय देशभर गाजला, प्रेस कौन्सिलनं चौकशी केली. तेव्हा आपल्याकडं अनेक ठिकाणी उमेदवाराचं पॅकेज ठरायचं आणि जाहिरात बातमी म्हणून छापली जायची. आमच्याकडंही माणसं आली होती, आकडा असा होता की नवीन मशीनचा हप्ता निघाला असता. अण्णा तेव्हा थकलेले होते, रोज येत नव्हते, निर्णय माझा होता. मी सांगितलं की चौकट देते आणि चौकटीवर 'जाहिरात' असं लिहिणार, नाहीतर नको. दोघं निघून गेले, एक थांबला. त्या सीझनला आम्हाला पगार उशिरा द्यावे लागले आणि एक चांगला मुलगा नोकरी सोडून गेला, हेही खरं आहे. आजही आमचा नियम तोच आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वर्षाभरात गावागावातली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागली. आम्ही फेसबुक पेज, यूट्यूब चॅनल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सगळं सुरू केलं. इथंच आमची सगळ्यात मोठी चूक झाली. एका गावातल्या गृहस्थांच्या निधनाची बातमी आली, आमच्या ऑफिसातल्या एका मुलानं पेजवर टाकली, फोटोसकट, आणि फोटो होता त्याच नावाच्या, त्याच गावच्या दुसऱ्या माणसाचा. तो माणूस जिवंत, दवाखान्यात. अर्ध्या तासात काढली, पण तोवर ती पुढं गेलेली होती, त्यांच्या मुलीला परगावी फोन गेले. साप्ताहिकात बुधवारपर्यंत वेळ असतो, प्रूफ होतं, कुणीतरी थांबवलं असतं. पेजला प्रूफच नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले, पाया पडून माफी मागितली, आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर आमच्या चुकीची चौकट छापली, आतल्या पानावर नाही. तेव्हापासून निधनाची बातमी घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय आमच्याकडं कुठंच जात नाही, मग दुसऱ्यांनी दोन तास आधी टाकली तरी चालेल.

हा नियम लॉकडाऊनमध्ये फार उपयोगी पडला. २०२० च्या एप्रिलमध्ये घरोघरी पेपर टाकण्यावर राज्यात बंदी आली होती, कागदावर विषाणू असतो अशी भीती वेगळीच. काही आठवडे आम्ही छपाई थांबवून नुसता पीडीएफ काढला. आणि दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, निधन वार्तेचं एक पान पुरेना, दोन झाली, तीन झाली. लोकांना अंत्यविधीला जाता येत नव्हतं, त्यामुळं ते चार ओळींचं छापलेलं नाव हेच काय ते. पैसे घेतले नाहीत. प्रत्येक घरी फोन केला. आमच्या प्रूफच्या मुली फोनवर नावं विचारता विचारता रडायच्या, मीही रडलेय. त्यातले कितीतरी जण आमचे जुने वर्गणीदार होते, त्यांचे पत्ते मी लहानपणी चिकटवलेले.

त्यानंतर न्यूजप्रिंटचे, म्हणजे पेपर छापायच्या कागदाचे, भाव भडकले, पानं कमी केली, खप आधीएवढा परत आला नाही. आज अकरा माणसं आहोत. निम्मं उत्पन्न अजून नोटिसा आणि जॉबवर्कचं, बाकी व्हिडिओ, दिवाळी अंक आणि जाहिराती. यूट्यूबचे पैसे येतात पण त्यावर पगार होत नाहीत, कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मार्च २०२४ पासून १८६७ चा कायदा जाऊन नवीन कायदा लागू झाला, आता रजिस्ट्रेशन ऑनलाइन. अण्णा गेले तेव्हा मालक-मुद्रकाच्या ओळीत माझं नाव आलं, ते मी तीनदा तपासलं.

सध्या जुन्या बांधलेल्या फायली स्कॅन करणं चालू आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या दोन फायली वाळवीनं खाल्ल्यात आणि सीडीवरचे बरेच अंक हाती लागत नाहीत. मागच्या महिन्यात एक आजी ट्रंकेतून घडी घातलेला अंक घेऊन आल्या, मुलाचा दहावीला तालुक्यात नंबर आला होता त्याचा, तो आमच्याकडं नव्हताच. स्कॅन करून त्याच दिवशी परत दिला. तुमच्या घरी असा एखादा अंक, अगदी फाटका असला तरी, असेल तर ऑफिसला घेऊन या, गुरुवार सोडून कधीही. काम होईस्तोवर समोर बसा आणि अंक घेऊनच जा.